अकरा मडकी, एकच पॅनेल

माझा धाकटा भाऊ दौंडच्या आमच्या क्लबात फुटबॉल खेळायचा आणि तो खेळत असला की मैदानाकडेच्या भिंतीवर बसलेली माणसं त्याला शिव्या घालायची. हे इतकी वर्षं चाललं की मधल्या काळात त्याचं लग्न झालं, दोन मुली झाल्या, पोट सुटलं, गुडघ्याला पट्टा आला. शिव्या मात्र थांबल्या नाहीत.

"ए म्हाताऱ्या, पळतोयस का वरातीत चाललायस?"

"आरं, त्याला कुणीतरी खुर्ची द्या रं बसायला!"

"बायकोला काय सांगून आलास? ड्यूटीवर चाललोय म्हणून?"

भिंत रेल्वेची, आणि तिच्यावर बसणारेही बहुतेक रेल्वेचेच, म्हणजे रेल्वेतून सुटलेले. त्यांच्यात एक निवृत्त गार्ड होता, त्याचा आवाज इंजिनापर्यंत जायची सवय लागलेला. दुसरा एक गृहस्थ चर्च सुटलं की थेट यायचा, कोट-टायसकट, काखेत गायनाचं पुस्तक. सगळ्यात वाईट तोंड ह्याचं. आमचा गोलकीपर त्याच चर्चमध्ये गायचा, त्यामुळे उपासना संपल्याशिवाय मॅच सुरू व्हायची नाही, आणि ह्या गृहस्थांच्या मनात जे काही साचलेलं असेल ते पहिल्या पाच मिनिटांत माझ्या भावावर मोकळं व्हायचं.

भाऊ बॅक, चार नंबरच्या शर्टातला. बॅकचं काम म्हणजे आपल्या गोलाकडे काही येऊ द्यायचं नाही. कुरकुंभला केमिकल प्लँटमध्ये तो ऑपरेटर आहे, तिथंही तेच काम. शिफ्टमध्ये काही घडलं नाही म्हणजे शिफ्ट चांगली झाली. ज्याच्या कामाचं सगळं यश काही न घडण्यात आहे, त्याच्यासाठी टाळ्या कोण वाजवणार? टाळ्या पुढे खेळणाऱ्यांना.

आमच्याकडे पुढे खेळायचा तो क्लबच्या अध्यक्षांचा मुलगा. अध्यक्षांचा धंदा प्लॉटिंगचा. फुटबॉलशी त्यांचा संबंध इतकाच, की मैदान बघितल्यावर त्यांना त्याचे तुकडे दिसतात. मुलाचा फुटबॉलशी संबंध त्याहून थोडा जास्त, कारण तो मैदानावर पडायचा. समोरच्याचा वारा लागला तरी पडायचा. पडताना केस सावरायचा आणि उठताना मोबाइल धरलेल्या मित्राकडे बघायचा, रील आलं का म्हणून. वाढदिवसाला चौकात त्याचा फ्लेक्स लागायचा. त्यात त्याच्या पायाखाली चेंडू आणि मागे कुठल्या तरी परदेशी स्टेडियमचा फोटो असायचा, आणि खाली शुभेच्छुक म्हणून अशा माणसांचे चेहरे की ज्यांनी आयुष्यात चेंडूला लाथ मारली ती फक्त वाटेत आला म्हणून.

आता बक्षिसाचं सांगतो, कारण सगळी शोभा त्यावरून झाली.

क्लब स्थापन करणारे रेल्वेचे ड्रायव्हर-गार्ड लोक. मैदानाच्या एका अंगाला चिंचेची झाडं आहेत. मोसम संपतो तेव्हा चिंचा झोडून झालेल्या असतात. तर त्या लोकांनी रीत घातली, की शेवटच्या रविवारी गोलच्या रेषेवर छोटी मडकी मांडायची. मोसमभर जास्त खेळलेले जे अकरा, त्यांची अकरा मडकी. तोंडाला फडकं, फडक्याला भोक. मॅच संपली की खेळाडूंनी अंगातला शर्ट काढून आपल्या मडक्याच्या वर आडव्या दांड्याला टांगायचा. प्रेक्षकांनी घरून एक चिंचोका आणायचा आणि ज्याचा खेळ मोसमभर आवडला त्याच्या मडक्यात टाकायचा. ज्याचं मडकं सगळ्यात भरलेलं, तो प्रेक्षकांचा खेळाडू. बाकीची मडकी न मोजता झाडाखाली पालथी करायची, म्हणजे हरलेल्याला आपलं किती ते कळायलाही नको.

प्रत्येकानं एकच चिंचोका टाकायचा हे कुणी तपासत नसे. झाडाखाली लाखो पडलेत. कुणीही ओंजळ भरून टाकू शकला असता. पण इतक्या वर्षांत ते कुणाच्या डोक्यात आलं नाही. लबाडी करायला थोडी कल्पनाशक्ती लागते, आणि ती घेऊन अध्यक्ष आले.

ते आल्यापासून शेवटच्या रविवारी राहू गावाहून त्यांची सासुरवाडी गाड्या भरून यायची. नाश्त्याला मिसळ असायची. मुलाचं मडकं उतू जायचं, आणि अध्यक्ष स्वतःच्या हातानं स्वतःच्या मुलाला करंडक द्यायचे. करंडकावर सोनेरी रंगाचा प्लास्टिकचा बॅट्समन. दुकानात फुटबॉलवाला नव्हता म्हणून बॅट्समन आणला आणि त्याच्या पॅडवर चेंडूचं स्टिकर लावलं. तीन वर्षं तोच बॅट्समन. टाळ्या वाजवणाऱ्या कुणालाही त्यात काही खटकलं नाही, आणि खटकणार तरी कसं! त्यातल्या निम्म्यांना खाली कुठला खेळ चाललाय हेच ठाऊक नव्हतं.

मोसम संपायच्या थोडं आधी भाऊ आमच्या स्वयंपाकघरात गुडघ्यावर बर्फ धरून बसला होता. म्हणाला, "दादा, पुढच्या मोसमाला न्हाई खेळणार मी. झालं."

मी म्हटलं, "मग ह्या वर्षी बक्षीस तुलाच मिळालं पाहिजे."

"बक्षीस काय करायचंय? बॅट्समन हाय त्यो. मला फक्त एकदा माझं मडकं बघायचंय."

"म्हणजे?"

"भिंतीवरची माणसं मला काय समजत्यात, ते एकदा बघायचंय."

"ते तर दर रविवारी ऐकतोस की."

"तोंडानं म्हणत्यात ते न्हाई रं. मडक्यात काय टाकत्यात, ते. इतकी वर्षं खेळलो, मला ठाऊकच न्हाई. त्या राहूवाल्यांच्या ढिगात कुणाचं काय कळतंय? आणि मडकं तर न मोजताच पालथं."

इतकी साधी गोष्ट. एखाद्या शहाण्या थोरल्या भावानं ती ऐकून घेतली असती आणि बर्फ बदलून दिला असता. पण मी विमा एजंट. कुणी मला मनातलं काही सांगितलं की मला त्यात लगेच पॉलिसी दिसते. मी म्हटलं, "तू काळजी करू नकोस. अध्यक्षांकडं राहू असंल तर आपल्याकडं शिरूर हाय."

"दादा, तसलं काही करू नको."

"तू गप बस. बर्फ धर."

शिरूर म्हणजे माझी सासुरवाडी. शिरूरच्या अलीकडे त्यांची वस्ती आहे आणि त्या वस्तीत भेटणारा प्रत्येक माणूस माझा कुणी ना कुणी लागतो. सासरे सोसायटीत, पतसंस्थेत, दूधसंघात, जिथं जिथं खुर्ची असते तिथं तिथं संचालक राहिलेले. त्यांच्यालेखी जगात दोनच गोष्टी, पाऊस आणि निवडणूक. त्यातला पाऊस हातात नाही.

माणशी एकेक चिंचोका घेऊन या असा मी निरोप धाडला, आणि स्कूटरवर असताना त्यांचा फोन आला.

"पाव्हणं, इलेक्शन हाय म्हणत्यात तुमच्याकडं?"

"व्हय मामा. रविवारी माणसं पाहिजेत."

"माणसांचं सांगू नका मला. उमेदवार किती?"

"अकरा."

"आन् जागा?"

समोर उसाची ट्रॉली, मागे ट्रक. मी म्हटलं, "मामा, अकराच खेळत्यात की!"

"असं व्हय. बरं, बरं. आलोच आम्ही."

मी समाधानानं फोन ठेवला. फार हुशार माणसाला येतं तसलं ते समाधान होतं.

रविवारी सकाळी न्हावरा-केडगाव करत तीन पिकअप मैदानावर येऊन थांबल्या. बायका, म्हातारे, फेटे, भाकरीची गाठोडी. मागच्या पिकअपमधून एक पोतं उतरलं.

"मामा, हे काय?"

"चिंचोकं. तुम्ही म्हणलात एकेक आणा. एकात कसं भागंल?"

मला तिथंच शंका यायला हवी होती. पण तेवढ्यात राहूच्या गाड्या आल्या, अध्यक्ष आणि मी एकमेकांना बघून न बघितल्यासारखं केलं, आणि मी पाण्याचे जार कुठे ठेवायचे ते बघायला गेलो. मॅच सुरू झाली. पलीकडून सासऱ्यांचा आवाज कानावर येत होता.

"ह्यात तुमचा भाऊ कुठला?" ते माझ्या बायकोला विचारत होते. तिच्या दिराला त्यांनी लग्नात एकदा बघितलं होतं, तेही फेट्यात.

"तो निळा, आप्पा."

"समदीच निळी हायत की."

"आपली टीम आहे ती. सगळी निळीच असणार."

"हां, हां. म्हंजी समदी आपलीच."

भिंतीवरून गार्डसाहेब ओरडले, "ए म्हाताऱ्या, चेंडू तिकडं गेला, तिकडं! पत्ता देऊ का?"

सासरे दचकून म्हणाले, "हे इरोधक का?"

बायको म्हणाली, "हे कायम असंच बोलतात."

अध्यक्षांचा मुलगा तेवढ्यात दोनदा पडला. राहूवाल्यांनी एका सुरात "आयो" केलं. सासऱ्यांनी बघितलं आणि मैदानाकडे हात करून म्हणाले, "जमीन चांगली दिसतीया. पाण्याची सोय हाय का?" त्या क्षणी ते आणि अध्यक्ष व्याही शोभले असते.

मॅच संपली. शर्ट टांगले गेले, मडकी मांडली गेली. रांगा लागल्या. भिंतीवरची मंडळी खाली उतरली, खिशातून एकेक चिंचोका काढला, मडक्यात टाकला आणि पुन्हा वर चढून बसली. त्यांचं मत म्हणजे पानाची पिंक टाकावी तसं; थांबणं नाही, बोलणं नाही.

मग शिरूर निघालं. सासरे पुढे. पोत्यातून प्रत्येकाला ओंजळभर वाटप झालं, आणि सासऱ्यांनी हात वर करून सांगितलं, "पॅनेल टू पॅनेल! क्रॉस कुणी करायचं न्हाई!"

मी मध्ये घुसलो. "मामा, एकाच मडक्यात! त्या चार नंबरच्या!"

"आवं पाव्हणं, अकरा जागा, अकरा उमेदवार, समद्यांचा रंग एक. समोरचं पॅनेल कुठं दिसतंय? माघार घेतली आसंल. बिनविरोध हाय हे. आता आपल्यातल्या एकालाच द्यायचं आन् धा जणांना पाडायचं? लोक काय म्हणतील?"

एवढं बोलून त्यांनी शर्टांच्या घामाच्या वासानं नाकाला उपरणं लावलं आणि अकराही मडक्यांत एकेक चिंचोका देवाला वाहावा तसा वाहिला. मागे सगळी वस्ती. एकाही माणसानं एकही मडकं चुकवलं नाही. इतक्या प्रामाणिकपणे मला आजवर कुणी फसवलेलं नाही.

माझं तोंड बघून अध्यक्ष हसले. पण त्यांच्यामागून राहू आलं. राहू काय वेगळ्या शाळेत शिकलंय? तिथंही कारखाना, सोसायटी, तिथंही वर्षानुवर्षं आपल्या सगळ्या उमेदवारांवर शिक्का मारायची सवय. पहिल्या म्हाताऱ्यानं सासऱ्यांचं बघितलं, मान डोलावली, खाली वाकून झाडाखालची ओंजळ भरली आणि पहिल्या मडक्यापासून सुरुवात केली.

अध्यक्ष धावले. "आबा, एक टाका, एक!"

"एकच टाकतुया. एकेकात एक."

"अहो, पोराला टाका! पोराच्या मडक्यात!"

"त्याला टाकला की. मग बाकीची पोरं काय परकी हायत?"

अध्यक्षांच्या घरच्यांनी तेवढे मुलाच्या मडक्यात वेगळे टाकले. बाकी सगळं राहू शिरूरच्या मागे गेलं. दोन तालुके जन्मात पहिल्यांदा एका बाजूनं मतदान करत होते आणि त्यांना आणणारे आम्ही दोघं, अध्यक्ष आणि मी, डोक्याला हात लावून उभे होतो.

फडकी सोडली तेव्हा अकराही मडकी गळ्यापर्यंत भरलेली. अध्यक्ष लगेच माइकवर: "मतदानात गोंधळ झाल्यामुळं हे मतदान रद्द करण्यात येत आहे. कमिटी आपला निर्णय..."

माझी बायको पदर खोचून पुढे झाली. आयुष्यभर वडिलांच्या निवडणुका बघितलेल्या, त्यामुळे तिला कुठल्याच अध्यक्षाची भीती वाटत नाही. "रद्द कशाला? आमच्या माणसांनी अन् तुमच्या माणसांनी सगळ्या मडक्यांत सारखंच टाकलंय. कुणाचं वाढलं नाही, कुणाचं घटलं नाही. आता वर कुणाचं येतंय तेवढं बघा, की झालं."

"वहिनी, तुम्ही ह्यात पडू नका."

"मी कुठं पडतेय? पडायचं काम तुमच्या मुलाकडे आहे."

भिंत खदखदून हसली. आणि मग सगळ्यांनी बघितलंच. मोजायची गरजच नव्हती. बाकीची गळ्यापर्यंत. अध्यक्षांच्या मुलाचं गळ्याच्या जरा वर, घरच्यांपुरतं. गोलकीपरचंही साधारण तेवढंच. आणि चार नंबरचं शीग लागलेलं, वरचे चिंचोके घरंगळून रेषेवर पडत होते.

अध्यक्षांनी गर्दीकडे बघितलं, माइककडे बघितलं, आणि अशा वेळी आमच्या भागातला पुढारी जे करतो तेच केलं. टर्म वाटून घेतली. "दोन्ही खेळाडू गुणी आहेत," ते म्हणाले. "करंडक सहा-सहा महिने. पहिले सहा महिने आमच्याकडं राहील."

"योग्य तोडगा," सासरे म्हणाले आणि त्यांनी टाळी वाजवली. त्यांच्यामागे शिरूर वाजलं, मग राहू वाजलं. ज्यांना आणायला मी जिवाचं रान केलं त्यांनीच माझ्या भावाचं बक्षीस टाळ्यांत वाजवून देऊन टाकलं. तो बॅट्समन अजून अध्यक्षांच्या शोकेसमध्ये आहे. पुढचे सहा महिने अजून यायचेत.

भावाचं मात्र ह्यातल्या कशाकडेच लक्ष नव्हतं. तो मडक्यापाशी उकिडवा बसला होता, दुखरा गुडघा बाहेर काढून. मग उठला, लंगडत भिंतीपाशी गेला.

"हे तुम्ही टाकलं?"

गार्डसाहेबांनी दुसरीकडे बघितलं. "मग काय तुझ्या दादाच्या सासुरवाडीनं? त्यांनी तर रेफ्री असता तर त्यालाही टाकला असता."

"मला वाटलं, तुम्हाला माझा खेळ..."

कोटवाल्यानं गायनाचं पुस्तक एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं. "खेळ? तो कसला खेळ? इतकी वर्षं तुझ्या बाजूनं गोल बघायला मिळाला नाही आम्हाला. तसंच बसवून ठेवलंस. मग शिव्या नाही तर काय द्यायच्या?" मग जरा खालच्या आवाजात, "पुढच्या मोसमात वेळेवर ये. आज वॉर्मअपला नव्हतास."

"पुढच्या मोसमाला न्हाई. मी सोडलं आजपासनं."

गार्डसाहेबांनी शेजारी सरकून जागा केली आणि दगडावरची धूळ रुमालानं झटकली. "चढता येतंय का म्हाताऱ्या? का शिडी आणू?"

भाऊ हसला. चढला नाही, गुडघ्यानं चढता आलंच नसतं. पण त्या झटकलेल्या जागेवर त्यानं हात ठेवला, आणि मग मडकं उचलायला परत आला. रीतीप्रमाणे ते झाडाखाली पालथं करायचं. त्यानं ते छातीशी धरलं आणि घरी न्यायचं ठरवलं. कुणी अडवलं नाही.

तेवढ्यात माझा हात शर्टाच्या खिशात गेला आणि बोटांना चिंचोका लागला. माझा, घरून आणलेला. तीन पिकअप माणसं मतदानाला उभी केली आणि स्वतः मत टाकायचं राहून गेलं होतं. मी मोठ्या थाटात तो काढला, म्हटलं, "थांब, थांब. दादाचा राहिलाय," आणि मडक्यावर हात नेला.

त्यानं मडक्याच्या तोंडावर आपला पंजा ठेवला.

"दादा, ह्या वर्षी एक तरी मॅच बघितलीस का?"

मी आठवू लागलो. ऑक्टोबरात एकदा आलो होतो, पण तेव्हा विम्याच्या एका पार्टीला भेटायचं होतं.

"आजची तरी?"

"आज मी पाण्याचं बघत होतो रे."

"मग ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. रागानं नाही, अगदी सहज. इतक्या वर्षांत त्यानं समोरून येणाऱ्याला जसं सहज अडवलं असेल तसं, बहुधा. मी बघितलेलं नाही.

मी चिंचोका पुन्हा खिशात ठेवला आणि सासऱ्यांची तिसरी पिकअप बाहेर निघताना कुठं अडकलीय ते बघायला गेलो.